स्वभावविशेष आणि सायबर गुन्ह्यांविषयीची सावधता

खेड्यातील शाळेचा शिक्षक हा पूर्वीपासून गावाचा वाचक व लेखनिक राहिला आहे. आलेले पत्र वाचून दाखविणे, मनिऑर्डरीचा फॉर्म भरून देणे, तगाईच्या अर्जावर काय लिहावे ते सांगणे, ही कामे न बोलावता त्याच्याकडे येत. पत्राची जागा आता मोबाइलवरील संदेशाने घेतली आहे. परंतु तो संदेश समजून घेण्यासाठी माणसे अजूनही शाळेच्या पायरीशीच येतात. "गुरुजी, हे काय आलंय बघा जरा," असे म्हणून पुढे केलेल्या मोबाइलात कधी पीकविम्याची सूचना असते, कधी बँकेचा खरा निरोप असतो, आणि कधी घरातील सारी शिल्लक ओढून नेणारा सापळाही असतो. हा भेद ओळखण्याची जबाबदारी कोणत्याही आदेशाने शिक्षकावर टाकलेली नाही. गावाच्या विश्वासाने ती टाकली आहे.

या सापळ्यांचे प्रमाण किती वाढले आहे हे सांगण्यास दोन आकडे पुरेसे आहेत. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले, तर २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात नुकसान तिपटीवर गेले. या काळात लोकांना सावध करणाऱ्या सूचना कमी झाल्या होत्या असे मुळीच नाही. बँकांचे संदेश, पोलिसांची भित्तिपत्रके, फोन लावताच ऐकू येणारी ध्वनिमुद्रित सूचना, हे सर्व चालूच होते. मग माहिती असूनही माणसे फसतात ती का, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांत अभ्यासकांचे लक्ष माणसाच्या स्वभावाकडे वळले आहे. शिक्षकाला हा विषय परका नसावा. एकाच वर्गातील चाळीस मुलांना एकच गणित चाळीस तऱ्हांनी समजते, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातील आहे.

सर्वसाधारण समज असा की, अडाणी फसतो आणि शिकलेला वाचतो. किंवा लोभी फसतो आणि निर्लोभी वाचतो. हा समज सोयीचा आहे, कारण तो धरला की फसलेल्याला दोष देऊन मोकळे होता येते. पण वस्तुस्थिती त्याला दुजोरा देत नाही. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात लुधियाना येथील एका नामवंत वयोवृद्ध उद्योगपतींना, म्हणजे पद्मभूषण किताबाने गौरविलेल्या गृहस्थांना, भामट्यांनी सात कोटी रुपयांना फसविले. त्यांना कसलेही आमिष दाखविलेले नव्हते. तुमच्या नावाचा गैरव्यवहार उघडकीस आला आहे असे सांगून त्यांना मोबाइलच्या पडद्यासमोर नजरकैदेत बसविण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा त्या पडद्यावर घडवून आणण्यात आली. सरन्यायाधीश म्हणून एक तोतया तेथे बोलत होता. पुढे पंजाब पोलिसांनी त्यातील सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळविले. आयुष्यभर हजारो माणसांचे व्यवहार सांभाळलेला हा मनुष्य अडाणी नव्हता आणि लोभीही नव्हता. न्यायालयाविषयी आदर आणि अप्रतिष्ठेचे भय, या दोन धाग्यांनी त्याला बांधले गेले. यांपैकी पहिला तर सद्गुणच मानावयाचा.

स्वभावाचे वर्णन करण्याचे शब्द प्रत्येक भाषेत विपुल असतात. भोळा, भित्रा, हूड, चिकित्सक, उतावळा, भिडस्त, आगाऊ, कोणत्याही गावात अशी विशेषणे माणसाच्या नावाआधी जोडलेली ऐकू येतात. मानसशास्त्रज्ञांनीही आरंभ येथूनच केला. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे अठरा हजार शब्द वेचून काढले. पुढील पिढीतील संशोधकांनी समानार्थी शब्द एकत्र करीत, सांख्यिकी पद्धतीने त्यांचे गट पाडीत, शेवटी पाच प्रमुख घटक निश्चित केले. ते असे : नवे जाणण्याची उत्सुकता, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि भावनिक अस्थैर्य. प्रत्येक माणसात हे पाचही असतात; फरक असतो तो मात्रेचा. यास्तव 'अमका या प्रकारचा' असा शिक्का मारण्यासाठी या मांडणीचा उपयोग करू नये. उंची मोजावी तसे हे मोजमाप आहे, जातवारी नव्हे.

या घटकांचा सायबर गुन्ह्यांविषयीच्या सावधतेशी काय संबंध आहे, हे पाहताना पाचांना सारखेच महत्त्व देण्याचे कारण नाही. बहिर्मुख मनुष्याच्या ओळखी अधिक, त्याचे नाव-गाव-छायाचित्र समाजमाध्यमांवर अधिक, म्हणून त्याच्याविषयीची माहिती भामट्याला सहज मिळते. इतके सांगितले की पुरे. नवे जाणण्याची उत्सुकता ही दुधारी आहे. उत्सुक मनुष्य नव्या युक्त्यांविषयी वाचतो, चौकशी करतो आणि शहाणा होतो; तोच 'हे काय आहे बघू तरी' म्हणून अनोळखी फाइल उघडतोही. लग्नपत्रिका, वाहनदंडाची पावती किंवा पीएम किसान योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ज्या फाइलींच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात, त्या पत्रिकाही नसतात आणि पावत्याही नसतात. ते मोबाइलात बसविले जाणारे कार्यक्रम असतात, आणि एकदा बसले की आलेले संदेश व त्यांतील ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. उत्सुकता येथे बाधक ठरते. उरलेल्या तीन गुणांचा विचार मात्र सविस्तर करावयास हवा, कारण शिक्षकाच्या जीवनाशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

कर्तव्यदक्षतेपासून आरंभ करू. वेळेवर काम करणारा, नियम पाळणारा, कागद जपून ठेवणारा मनुष्य सायबर गुन्ह्यांपासून अधिक सुरक्षित असावा अशी अपेक्षा कोणीही करील, आणि पुष्कळ पाहण्यांत तसेच आढळले आहे. असा मनुष्य संकेतशब्द जपतो, मोबाइलाला कुलूप ठेवतो, पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवीत नाही. तथापि, २०१५ साली हलेवी, मेमन व नोव्ह या संशोधकांनी एका प्रयोगाचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या अपेक्षेला धक्का देणारे होते. त्यांनी एका संस्थेतील कर्मचाऱ्यांना, त्या त्या व्यक्तीस उद्देशून लिहिलेले बनावट ईमेल प्रत्यक्ष पाठविले, आणि कोण फसतो हे पाहिले. स्वभावगुणांपैकी ज्याचा फसण्याशी सर्वाधिक संबंध आढळला, तो गुण कर्तव्यदक्षता हा होता.

यात वस्तुतः विसंगती नाही. कर्तव्यदक्ष मनुष्य आलेले काम तुंबवीत नाही. 'आज सायंकाळपर्यंत माहिती भरावी, अन्यथा जबाबदारी आपली राहील' असे वाक्य वाचताच आळशी मनुष्य मोबाइल बाजूला ठेवतो, आणि दक्ष मनुष्य तत्काळ कामास लागतो. आळशी मनुष्य येथे आळसामुळेच वाचतो, ही गोष्ट मौजेची असली तरी खरी आहे. शिक्षकाने स्वतःकडे पाहावे. यू-डायसची माहिती, शालार्थमधील वेतनाचे तपशील, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, पोषण आहाराच्या नोंदी, यांसाठी त्याच्या मोबाइलावर लिंका येत असतात. त्यांत मुदत असते, तातडी असते आणि वरिष्ठांचे नाव असते. खऱ्या आदेशाचे जे रूप, तेच भामटा उचलतो. 'आपले वेतन खाते पडताळणीअभावी स्थगित होत आहे, पुढील लिंकवर माहिती भरावी' असा संदेश महिनाअखेरीस आला, तर तालुक्यात सर्वांत आधी तो भरणारा शिक्षक बहुधा तोच असेल, ज्याचे सारे अहवाल नेहमी वेळेवर जातात. यावर उपाय कर्तव्यदक्षता कमी करणे हा नव्हे. पडताळणी हाही कर्तव्याचाच भाग आहे हे मनात रुजविणे हा होय. संदेशातील लिंकवर न जाता माहीत असलेल्या संकेतस्थळावर स्वतः जाणे, केंद्रप्रमुखांना त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर विचारणे, आणि बँकेची कामे बँकेतच करणे, ही त्या कर्तव्याची अंगे समजावीत. दक्ष मनुष्याला काम सांगितले की तो ते करतो. म्हणून पडताळणी हे 'काम' म्हणूनच त्याला सांगितले पाहिजे.

कर्तव्यदक्षतेला लागूनच आज्ञाधारकपणा येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली सुरू केलेला आणि १९६३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. शेजारच्या खोलीतील माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आणि प्रत्येक चुकीला धक्का वाढवीत न्यावयाचा, असे प्रयोगात भाग घेणाऱ्यास सांगितले जाई. धक्के खरे नव्हते, परंतु देणाऱ्यास ते खरे वाटत. चाळीस जणांपैकी सव्वीस जण, जवळ उभ्या असलेल्या अधिकारी पुरुषाच्या सांगण्यावरून, शेवटच्या ४५० व्होल्टच्या खुणेपर्यंत गेले. ही माणसे क्रूर नव्हती. कित्येकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. 'आपण थांबू शकतो' हे त्यांना सुचले नाही, किंवा सुचूनही ते धाडस झाले नाही.

या प्रयोगाचे जे निरनिराळे प्रकार पुढे करण्यात आले, त्यांपैकी दोन आजच्या दृष्टीने फार बोलके आहेत. अधिकारी पुरुष खोलीत न थांबता टेलिफोनवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणारे एक-पंचमांशाच्या आसपास उरले. आणि भाग घेणाऱ्याच्या जोडीला बसविलेल्या दोघांनी 'आम्ही हे करणार नाही' असे म्हटले, तेव्हा चाळिसांपैकी केवळ चौघेच शेवटपर्यंत गेले.

ज्यास 'डिजिटल अटक' असे नाव मिळाले आहे, त्या फसवणुकीची रचना या दोन निष्कर्षांपुढे ठेवून पाहावी. नुसत्या फोनवरील आवाजाचा वचक कमी पडतो, म्हणून भामटा व्हिडिओ कॉल करतो. त्याच्या अंगावर गणवेश असतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. अधिकारी पुरुष अशा रीतीने पुन्हा खोलीत येऊन उभा राहतो. मग तो दुसरी आज्ञा देतो : दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. कारण घरातील सून, शेजारी किंवा शाळेत शिकणारा नातू जरी त्या खोलीत आला आणि 'आजोबा, हे खोटं आहे' असे म्हणाला, तरी सारा प्रभाव ओसरतो हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. भारतातील कायद्यात अशा प्रकारच्या अटकेस कोठेही स्थान नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांपैकी कोणीही मोबाइलवरून अटक करीत नाही आणि चौकशीसाठी पैसे खात्यात भरावयास सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात हे स्पष्ट केले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीची स्वतः होऊन दखल घेतली. गावातील निवृत्तिवेतनधारकांना शिक्षकाने हे एक वाक्य आवर्जून सांगावे : जो 'कोणाला सांगू नका' असे म्हणतो, त्याचेच म्हणणे आधी घरात सांगावे.

आता भावनिक अस्थैर्याविषयी. हे नाव ऐकण्यास कठोर वाटते, परंतु त्याचा अर्थ लवकर घाबरणे, फार काळ चिंता करणे, लहान गोष्टीने अस्वस्थ होणे, एवढाच घ्यावा. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. सायबर भामटा हा त्या ब्रह्मराक्षसाचाच नवा अवतार होय. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल', 'तुमच्या मुलाला अपघात झाला आहे', 'तुमचे कार्ड बंद झाले आहे', या वाक्यांत माहिती थोडी आणि भीती पुष्कळ असते. भीतीच्या भरात माणसाची दृष्टी एकाच गोष्टीवर खिळते; संदेश कोणत्या क्रमांकावरून आला, त्यातील भाषा अशुद्ध का, याकडे लक्ष जात नाही. ईमेलद्वारे होणाऱ्या फसवणुकीच्या काही अभ्यासांत, ज्यांच्या ठायी हा गुण अधिक आहे अशी माणसे अधिक फसल्याचे आढळले आहे. येथे सावधतेच्या प्रचारासंबंधी एक इशारा देणे अवश्य आहे. अशा माणसाला 'अमक्याचे दहा लाख गेले, तमक्याने जीव दिला' अशा भयंकर कथा सांगून सावध करू पाहणे म्हणजे जखमेवरच पुन्हा घाव घालणे होय. तो सावध होत नाही, अधिक घाबरट होतो. आणि घाबरटपणा हेच भामट्याचे भांडवल असते. त्याला कथा नको, कृती हवी. फोन ठेवावा, पाणी प्यावे, घरातील एका माणसाला सांगावे, एवढ्या तीन गोष्टी त्याच्याकडून सरावाने करून घ्याव्यात.

सौजन्यशील माणसाची अडचण निराळीच असते. समोरचा बोलत असताना फोन मध्येच ठेवणे त्याला असभ्यपणाचे वाटते. 'साहेब इतके नम्रपणे बोलताहेत, मग नाही कसे म्हणावे?' ही भीड मराठी माणसाच्या, विशेषतः खेड्यातील माणसाच्या, अंगी चांगलीच मुरलेली आहे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण उगीच झालेली नाही. भामटे या भिडेचा उपयोग मोठ्या कौशल्याने करून घेतात. चुकून तुमच्या खात्यावर पैसे आले, कृपा करून परत करा. मी लष्करातील जवान आहे, तुमची जुनी मोटारसायकल विकत घेतो, पैसे पाठवितो तेवढा क्यूआर कोड स्कॅन करा, अशी विनवणी केली जाते. येथे एक तांत्रिक गोष्ट ठाऊक असली की पुष्कळ संकटे टळतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पिन लागतो तो खात्यातून पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. सबब, 'पैसे मिळतील, पिन टाका' असे जो म्हणतो तो पैसे नेण्यासाठीच आलेला आहे, मग त्याची वाणी कितीही गोड असो.

या सर्व गुणांहून निराळी अशी एक गोष्ट वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या अभ्यासात आढळली, आणि शिक्षकांच्या दृष्टीने ती कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. आपण फसण्याचा संभव किती आहे असे त्या कर्मचाऱ्यांना वाटत होते, आणि प्रत्यक्षात कोण फसले, यांची तुलना केली तेव्हा संबंध उलटा निघाला. ज्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते, त्यांचाच बळी जाण्याकडे कल अधिक होता. धोक्याची माहिती नसणे हे फसण्याचे कारण नव्हे, असाही निष्कर्ष त्या अभ्यासकांनी काढला. म्हणजे जाणीव असणे आणि ऐन वेळी ती जाणीव उपयोगात येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोहण्याचे नियम पाठ असणे आणि विहिरीत पडल्यावर हातपाय मारता येणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे. परीक्षेत सायबर सुरक्षेवरील दहा प्रश्नांची दहा बरोबर उत्तरे देणारा विद्यार्थी त्याच सायंकाळी फसू शकतो.

तथापि या अभ्यासांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. त्यांतील बहुतेक पाहण्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या किंवा कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या आहेत. पुष्कळशा ठिकाणी माणसांनी स्वतःविषयी जे सांगितले तेच प्रमाण मानले आहे. आणि स्वभाव व वर्तन यांतील जो संबंध आढळतो तो सौम्य असतो, अढळ नसतो. एका अभ्यासात जो गुण तारक ठरतो तोच दुसऱ्यात मारक ठरल्याचे वर दिसलेच आहे. शेतमजूर, बचत गटातील भगिनी, पहिल्यांदाच मोबाइल हाती आलेले वृद्ध यांच्याविषयी या पाहण्यांवरून काही ठाम सांगता येणार नाही. शिवाय सर्वच गुन्ह्यांत बळी पडलेल्याचा स्वभाव येतो असेही नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. त्यात खातेदारांनी ना लिंक उघडली होती, ना ओटीपी दिला होता.

वर्गात काय करता येईल

प्राथमिक शाळेतील मुलाच्या नावावर बँकेत फारसे पैसे नसतात, म्हणून हा विषय त्याच्या कामाचा नाही असे समजणे चुकीचे होईल. घरातील मोबाइल पुष्कळ वेळा त्याच्याच हाती असतो, आणि आजीला आलेला ओटीपी वाचून दाखविणाराही तोच असतो. घराच्या उंबरठ्यावरचा पहारेकरी म्हणून त्याच्याकडे पाहावे.

सूचनांची यादी फळ्यावर लिहून ती पाठ करून घेणे, हा मार्ग सोपा असला तरी वर सांगितलेल्या कारणामुळे फारसा उपयोगी नाही. नाट्यीकरणाचा उपयोग अधिक होतो. एका मुलाने 'बँकेचा साहेब' व्हावे, दुसऱ्याने आजोबा. साहेबाने धमकावावे, घाई करावी, गोड बोलावे. आजोबांनी 'मी आता बोलत नाही, बँकेत येऊन विचारतो' एवढे वाक्य मोठ्याने बोलून खेळण्यातील फोन ठेवावा. हे वाक्य तोंडातून प्रत्यक्ष बाहेर पडणे महत्त्वाचे आहे. भिडस्त मुलाला 'नाही' म्हणण्याचा सराव यातूनच होतो, आणि तो सराव त्याला सायबर गुन्ह्यांपलीकडेही उपयोगी पडतो. भूमिका आलटून पालटून द्याव्यात. भामट्याची भूमिका वठविलेल्या मुलाला त्याच्या युक्त्या आतून कळतात. उत्सुक व चळवळ्या मुलांना ही भूमिका विशेष मानवते. वर्गातील सर्वांत गुणी, शांत, सांगितलेले सारे ऐकणारी जी मुलगी असेल, तिला आजोबांची भूमिका एकदा तरी आवर्जून द्यावी.

येथे शिक्षकाच्या शिस्तीच्या कल्पनेचाही प्रश्न येतो. ज्या वर्गात 'का?' असे विचारणे उद्धटपणाचे मानले जाते, त्या वर्गातून आज्ञाधारक मुले बाहेर पडतील. पण पुढे जो कोणी अधिकाराच्या स्वरात बोलेल त्याची आज्ञा ती मुले पाळतील. 'हे कोणी सांगितले? ते खरे कशावरून? दुसऱ्या कोणाला विचारता येईल?' हे तीन प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारता येतात, विज्ञानाच्या तासाला विचारता येतात, आणि शिक्षकाने स्वतः सांगितलेल्या गोष्टीबाबतही विचारू द्यावेत. क्वचित फळ्यावर मुद्दाम एखादे विधान चुकीचे लिहून ते कोण पकडतो हे पाहणे, हा जुनाच उपक्रम या कामी चांगला आहे.

पालकसभेत बोलताना मात्र फसलेल्या गावकऱ्याचे नाव घेऊन उदाहरण देऊ नये. नुकसानीहून लोकलज्जा मोठी वाटून कित्येक जण तक्रारच करीत नाहीत, आणि तक्रार न झाल्याने पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते. कर्तव्यदक्ष व प्रतिष्ठित माणसाला ही लाज अधिक जाचते. 'मास्तर असून फसला' हे शब्द ऐकण्यापेक्षा पैसे गेलेले बरे असे त्यास वाटते. म्हणून शिक्षक स्वतः फसला असेल तर त्यानेच प्रथम तक्रार नोंदवावी.

तक्रारीचा मार्ग असा आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असे झपाट्याने हलविले जातात. ते वाटेत जेथे असतील तेथे गोठविण्याची व्यवस्था या क्रमांकामागे २०२१ सालापासून उभी आहे, म्हणून पहिला तास अत्यंत मोलाचा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार देता येते, तसेच जवळच्या पोलीस ठाण्यातही. बँकेस स्वतंत्रपणे कळवावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस येऊ नये. आणि ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिलेला असला, तरी कळविल्यानंतर होणारे पुढील नुकसान बँकेने सोसावे. कळविण्यात एक दिवसाचाही विलंब का करू नये, हे यावरून स्पष्ट होईल. तोतयेगिरी करून संगणक किंवा मोबाइलद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे.

तक्रार करावयास जाताना पुरावा नाहीसा होणार नाही याची काळजी घ्यावी. चिंतातुर माणूस पुष्कळदा रागाने किंवा लाजेने सारे संदेश पुसून टाकतो. तसे करू देऊ नये. संदेश, आलेल्या फोनचे क्रमांक, पैसे गेल्याच्या नोंदी आणि वेळा यांची छायाचित्रे घ्यावीत, अनोळखी कार्यक्रम मोबाइलात बसला असल्यास प्रथम इंटरनेट बंद करावे, आणि बँकेला कळविण्याचा फोन दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरून करावा. बँकेचा क्रमांक संदेशातून किंवा इंटरनेटवर शोधून घेऊ नये, कारण तेथेही बनावट क्रमांक पेरलेले असतात. तो पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो. तोच क्रमांक, १९३० हा क्रमांक आणि नजीकच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक मुलांकडून वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत, आणि घरी मोबाइल भारित करण्यासाठी जेथे लावला जातो, त्या भिंतीवर तो कागद चिकटवावयास सांगावा.